गावची माणसे आणि गावची मिळकत
(इयत्ता पाचवी ते सातवीसाठी परिसर-अभ्यासाचा पाठ)

जून महिन्यात शाळा उघडली म्हणजे खेड्यातील प्रत्येक शिक्षकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पटाचा. यंदा पहिलीत किती मुले आली, हा आकडा केंद्रप्रमुख विचारतात, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतून विचारला जातो आणि गावकरीही विचारतात. पट वाढला तर शिक्षकाचे कौतुक होते. तो घटला तर दोष बहुधा शिक्षकाच्याच माथी येतो. परंतु गावातील मुले मुळातच कमी झाली आहेत, की ती आहेत पण शाळेपर्यंत पोचत नाहीत, याचा उलगडा नुसत्या पटावरून होत नाही. तो व्हावयाचा तर गावच्या लोकसंख्येचा व गावच्या मिळकतीचा हिशेब मांडावा लागतो. असा हिशेब मुलांच्या मदतीने व गावातच उपलब्ध असलेल्या कागदपत्रांवरून कसा मांडावा, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे योजिले आहे.

पाठाचा हेतू

या पाठाचे हेतू तीन आहेत. पहिला, गणितातील बेरीज, वजाबाकी, सरासरी व शेकडेवारी ही आपल्या गावच्या जीवनाशी कशी निगडित आहेत, हे मुलांस प्रत्यक्ष दाखविणे. दुसरा, इतिहास व भूगोल या विषयांतील दुष्काळ, रोगराई, पाऊस, धरण, बाजारपेठ इत्यादी गोष्टींचा ठसा गावच्या माणसांवर कसा उमटतो, हे त्यांस समजावून देणे. तिसरा हेतू शिक्षकासाठीच आहे. आपल्या शाळेच्या पटात चढउतार का होतो, याचे साधार उत्तर त्याच्या हाती असावे. लहान शाळांच्या भवितव्याचा विचार आज सर्वत्र चालू असताना असे उत्तर हाती असणे केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे व त्याखालील नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावयास हवी. वाडीवरील शाळा अशा मुलांसाठी असते. तेव्हा त्या वाडीवर खरोखर किती मुले आहेत, हे सांगण्याची जबाबदारी शिक्षकाने आपली मानावी.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

गावाकडे वळण्यापूर्वी जिल्ह्याचे चित्र मुलांपुढे ठेवावे. आपल्या देशात पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी ती नियमित होत आली. १९११ ते १९२१ या एकाच दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. १९१८ सालची इन्फ्लुएन्झाची साथ हे त्याचे प्रमुख कारण होय. आपल्याकडील जुनी माणसे तिला ‘मानमोडी’ म्हणत. १९२१ नंतर मात्र लोकसंख्या सतत वाढत गेली.

१९६१ मध्ये नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ लक्ष ५५ हजार होती. २००१ मध्ये ती ४९,९३,७९६ झाली आणि २०११ मध्ये ६१,०७,१८७. म्हणजे पन्नास वर्षांत ती सव्वातीन पटींहून किंचित अधिक झाली. याच काळात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लक्षांवरून ११ कोटी २४ लक्षांवर, म्हणजे पावणेतीन पटींहून थोडी अधिक अशी वाढली. जिल्ह्याची वाढ राज्याहून वेगाने झाली, ही गोष्ट मुलांच्या नजरेस आणून द्यावी व तिचे कारण विचारावे. नाशिक शहर व त्याभोवतालच्या औद्योगिक वसाहती यांकडे बाहेरून माणसे आली, हे उत्तर थोड्या चर्चेने मुले स्वतःच देतात. २०११ मध्ये जिल्ह्यातील शंभरांपैकी सुमारे बेचाळीस माणसे शहरी भागात राहत होती.

येथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. जिल्हा वाढला म्हणून प्रत्येक गाव वाढले, असे होत नाही. जिल्ह्याचा आकडा ही असंख्य गावांची बेरीज आहे आणि त्या बेरजेत वाढणारी गावे, स्थिर गावे व ओसरणारी गावे अशी तिन्ही प्रकारची गावे मिसळलेली आहेत. आपले गाव यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे पाहण्यासाठी जनगणनेच्या जिल्हा-पुस्तिकेतील आपल्या गावाचे १९९१, २००१ व २०११ चे आकडे मिळवून फळ्यावर एकाखाली एक लिहावेत. २०२१ ची जनगणना कोविडच्या महामारीमुळे लांबली. पुढील जनगणनेची संदर्भ-तिथी १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. गणनेचे काम आपणांपैकी अनेकांकडे येते. घरोघर जाताना जे शिक्षक आपल्या गावचा पूर्वीचा आकडा जाणतात, त्यांच्या हातून ते काम अधिक डोळसपणे होईल.

लोकसंख्येचा हिशेब

कोणत्याही गावची लोकसंख्या बदलण्याच्या वाटा चारच आहेत. मुले जन्मतात व बाहेरून माणसे येतात, तेव्हा ती वाढते. माणसे मरण पावतात व बाहेर जातात, तेव्हा ती घटते. हे सूत्र मुलांस असे लिहून द्यावे :

आजची लोकसंख्या = मागील लोकसंख्या + जन्म − मृत्यू + आलेले − गेलेले.

हे सूत्र वाण्याच्या खतावणीसारखेच आहे. यांपैकी जन्म व मृत्यू ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत सापडतात. लहान मुलांची मोजणी अंगणवाडीताईंच्या सर्वेक्षणवहीत असते. आलेल्यांची व गेलेल्यांची नोंद मात्र कोठेच नीटशी नसते. ती काही अंशी केवळ शाळेच्या जनरल रजिस्टरात असते. कारण दाखला नेणाऱ्या मुलाचे कारण व तारीख तेथे लिहिली जाते. आपल्या अनेक शाळा जिल्हा परिषदेहून जुन्या आहेत. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन होण्यापूर्वी त्या लोकल बोर्डाच्या होत्या. अशा शाळेच्या कपाटातील जुनी रजिस्टरे म्हणजे गावच्या जीवनाचा एक दुर्मिळ दस्तऐवज आहे. वाळवीने खाल्लेली पाने वेळीच जपून ठेवावीत.

आता पटाचा प्रश्न घेऊ. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. समजा, एका गावात बारा वर्षांपूर्वी पहिलीत ३४ मुले दाखल झाली आणि यंदा ११ झाली. घट २३ ची. शिक्षकाने जन्मनोंदवही पाहिली. पूर्वीच्या तुकडीच्या जन्मवर्षी गावात ३८ बालके जन्मली होती. त्यांपैकी २ दगावली, ३ कुटुंबासह कायमची गाव सोडून गेली, १ बाहेरून आले. राहिली ३४ आणि ती सर्व शाळेत आली. यंदाच्या तुकडीच्या जन्मवर्षी जन्म झाले २४. त्यांपैकी १ दगावले, ५ कायमची गेली, ६ मुले बसने तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत जातात, २ आईबापांबरोबर हंगामी कामावर जातात म्हणून दाखलच झाली नाहीत, आणि १ बाहेरून आले. २४ मधून १४ वजा करून १ मिळविला म्हणजे ११ उरतात.

या उदाहरणात २३ च्या घटीपैकी १४ ची घट जन्म कमी झाल्यामुळे आहे. राहिलेल्या ९ चा हिशेब असा : बसने जाणारी ६, हंगामी स्थलांतराची २ आणि कायमच्या स्थलांतरात झालेली वाढ २ मिळून १० होतात, बालमृत्यू एकाने कमी झाला, तो वजा जाऊन ९. आता प्रत्येक कारणाचा उपाय निराळा आहे, हे स्पष्ट होते. जन्म कमी झाले, यात शाळेचा दोष नाही व तो कोणी देऊ नये. बसने जाणाऱ्या सहांच्या बाबतीत शाळेने आपल्या अध्यापनाकडे वळून पाहिले पाहिजे. हंगामी स्थलांतराच्या दोघांसाठी शिक्षण हमी पत्रक, हंगामी वसतिगृह किंवा कामाच्या ठिकाणच्या शाळेत प्रवेश असे मार्ग आहेत. कारणांची अशी फोड न करता ‘पट घटला’ एवढेच म्हणत राहिल्यास जो उपाय होण्याजोगा आहे तोही होत नाही.

जन्म कमी झाले आहेत, ही गोष्ट आपल्या एकट्या गावची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीस आयुष्यात होणाऱ्या मुलांची सरासरी २.८६ होती; २०१९-२१ च्या पाहणीत ती १.७ वर आली. मुली अधिक काळ शाळेत राहिल्या, विवाहाचे वय पुढे गेले, बालमृत्यू घटले व लहान कुटुंबाची इच्छा वाढली, ही त्याची मुख्य कारणे होत. म्हणजे पहिलीचा पट लहान होण्यामागे अंशतः शिक्षणाचेच यश आहे, हेही आपण ध्यानी घ्यावे.

याच नोंदवहीतून आणखी एक गंभीर गोष्ट पाहावयाची आहे. २००१ मध्ये नाशिक जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ९२० मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९० झाल्या. निसर्गतः हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली जन्मास येतात. तेव्हा ही तूट निसर्गाची नव्हे. ती माणसाने केलेली आहे. मात्र लहान गावात एखाद्या वर्षी बारा मुलगे व आठ मुली जन्मल्या तर तेवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. थोड्या संख्येत असा चढउतार सहज होतो. दहा-पंधरा वर्षांच्या जन्मांची एकत्र बेरीज करून मगच प्रमाण काढावे. आकडे मोठे झाले म्हणजे योगायोग मागे पडतो आणि वस्तुस्थिती दिसू लागते, हा संख्याशास्त्राचा पहिला नियम मुलांस येथेच समजावून द्यावा.

मिळकतीचा हिशेब

माणसे मोजणे सोपे आहे. मिळकत मोजणे अवघड आहे. शेतकऱ्याची मिळकत महिन्याच्या महिन्याला येत नाही, तिचा काही भाग धान्याच्या रूपाने घरातच खर्ची पडतो, आणि खर्च वजा केल्याशिवाय हाती काय राहिले ते कळत नाही. येथे मुलांकडून चार गोष्टी करवून घ्याव्यात.

पहिली, उत्पन्न व निव्वळ मिळकत यांतील भेद. आपल्या जिल्ह्यात कांद्याचे उदाहरण सर्वांत परिचयाचे. समजा, शंभर क्विंटल कांदा क्विंटलला हजार रुपये दराने विकला. एक लक्ष रुपये आले. बियाणे, खते, औषधे, लागवड, काढणी, भाडे, हमाली-तोलाई मिळून खर्च सत्तर हजार झाला. हाती राहिले तीस हजार. आता दर आठशेवर आला. आले ऐंशी हजार, खर्च तोच सत्तर हजार, हाती राहिले दहा हजार. दर पाचव्या हिश्श्याने उतरला. मिळकत मात्र दोन-तृतीयांशाने बुडाली. लासलगावच्या बाजारात दर थोडा हलला तरी निफाड-चांदवड-येवल्याच्या खेड्यांत लग्ने पुढे का ढकलली जातात, हे या एका उदाहरणाने मुलांस उमगते.

दुसरी, सरासरीचा फसवेपणा. समजा, एका वस्तीत दहा घरे आहेत आणि त्यांची वार्षिक निव्वळ मिळकत हजार रुपयांत अशी आहे : ४०, ४५, ५०, ५५, ६०, ६५, ७०, ८०, १३५ व ९००. शेवटचे घर मोठ्या द्राक्षबागाईतदाराचे. बेरीज पंधरा लक्ष. सरासरी दर घरी दीड लक्ष. परंतु दहांपैकी नऊ घरे या सरासरीच्या खाली आहेत. मिळकती चढत्या क्रमाने मांडून मधल्या दोन घरांचा मध्य काढला तर तो येतो साडेबासष्ट हजार. गावची खरी स्थिती या मधल्या आकड्यावरून अधिक चांगली कळते. मुलांना ‘सरासरी’ व ‘मध्यक’ या दोन्ही संज्ञा येथे सहज शिकविता येतील.

तिसरी, रुपयाचे बदलते मोल. पूर्वीची मजुरी व आजची मजुरी यांची तुलना रुपयांत केली तर ती दिशाभूल करते. ती बाजरीत करावी. समजा, पूर्वी दिवसाची मजुरी शंभर रुपये होती व बाजरी दहा रुपये किलो. दिवसाच्या श्रमात दहा किलो बाजरी येई. आज मजुरी साडेतीनशे व बाजरी पस्तीस रुपये असेल, तर आजही दहाच किलो येते. मजुरी साडेतीन पटींनी वाढली, पण पोटापुरती पाहिली तर जेथल्या तेथेच राहिली. पश्चिमेकडील तालुक्यांत हीच तुलना नागलीत किंवा तांदळात करता येईल. आपल्या गावचे खरे भाव व खरी मजुरी घरच्या वडीलधाऱ्या माणसांकडून विचारून आणण्यास मुलांस सांगावे.

चौथी, मिळकत किती तोंडांत वाटली जाते, हे पाहणे. वर्षास साठ हजार मिळविणाऱ्या दोन घरांपैकी एकात चार माणसे व दुसऱ्यात आठ माणसे असतील तर दोन्ही घरे सारखी म्हणता येणार नाहीत. लोकसंख्येचा हिशेब व मिळकतीचा हिशेब येथे एकत्र येतात.

शंभर वर्षांपूर्वीची एक पाहणी

असा अभ्यास आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी झालेला आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली व ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. पुढे न. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी पुणे जिल्ह्यातीलच जातेगाव बुद्रुक या गावाची पाहणी करून ती १९२१ मध्ये प्रसिद्ध केली. हिंदुस्थानातील खेड्यांच्या शास्त्रशुद्ध आर्थिक पाहण्यांचा प्रारंभ ज्या थोड्या अभ्यासांनी झाला, त्यांत या दोहोंची गणना होते.

पिंपळे सौदागर येथे जमिनीचे सरासरी खाते १७७१ मध्ये सुमारे चाळीस एकर होते. १८१८ मध्ये ते साडेसतरा एकरांवर व १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आले. जमीन तेवढीच राहिली, वाटेकरी वाढले. मॅन यांनी गावातील कुटुंबांचे तीन वर्ग पाडले. गावच्या रीतीप्रमाणे लागणारा खर्च केवळ आपल्या जमिनीवर भागविणारी कुटुंबे पहिल्या वर्गात. जमिनीला बाहेरील मजुरीची जोड देऊन भागविणारी दुसऱ्यात. आणि दोन्ही करूनही ज्यांचे भागत नाही ती तिसऱ्यात. पिंपळे सौदागरच्या १०३ कुटुंबांपैकी पहिल्या वर्गात ८, दुसऱ्यात २८ व तिसऱ्यात ६७ कुटुंबे आढळली. जातेगाव बुद्रुकच्या १४७ कुटुंबांपैकी हेच आकडे १०, १२ व १२५ असे होते. म्हणजे पहिल्या गावात शेकडा ६५ व दुसऱ्यात शेकडा ८५ कुटुंबांचे भागत नव्हते.

दोन्ही गावांची तुलना मुलांकडून करवून घ्यावी. पिंपळे सौदागर शहरानजीक असल्याने तेथे बाहेरचे काम मिळण्याची सोय होती. म्हणून दुसऱ्या वर्गात २८ कुटुंबे आली. जातेगाव शहरापासून दूर व बेभरवशाच्या पावसाचे. तेथे या वर्गात १२ च. जमीन अपुरी पडू लागली म्हणजे बाहेरच्या कामाची वाट किती मोलाची ठरते, हे या आकड्यांतून दिसते. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून तेथे उंच इमारती उभ्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी घरोघर फिरून कोणी लिहून ठेवले नसते, तर तेथे एके काळी सात एकरांच्या खात्यावर झगडणारे खेडे होते, हे त्या इमारतींतील मुलांस कळलेही नसते.

कामाच्या मागे जाणारी माणसे

आपल्या जिल्ह्याचे तीन पट्टे मुलांस नकाशावर दाखवावेत. पश्चिमेस सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी हे डोंगराळ, भरपूर पावसाचे, भात-नागली-वरईचे तालुके. मध्ये दिंडोरी, निफाड व नाशिक हा द्राक्षांचा पट्टा. पूर्वेस व दक्षिणेस येवला, नांदगाव, सिन्नर हा कमी पावसाचा बाजरी-कांद्याचा भाग. पश्चिमेस पाऊस उदंड पडतो, परंतु तो डोंगरउतारावरून वाहून जातो आणि खरिपाचे पीक निघाले की काम संपते. नेमक्या त्याच वेळी द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबरची छाटणी सुरू होते. पुढे विरळणी, डिपिंग, तोडणी असे काम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. म्हणून दिवाळीच्या सुमारास सुरगाणा-पेठकडील कुटुंबे खाली उतरतात. काही गुजरातेत ऊसतोडीस जातात.

या स्थलांतराकडे दोन्ही बाजूंनी पाहावयास हवे. पेठमधील शिक्षकास नोव्हेंबरात वर्ग रिकामा दिसतो. निफाडमधील शिक्षकास बागेच्या कडेला शाळेबाहेरची मुले दिसतात. मूल एकच असते. पहिल्याने त्याची नोंद ‘गैरहजर’ अशी करावी आणि दुसऱ्याने ‘आपल्या गावचे नव्हे’ म्हणून सोडून द्यावे, असे झाल्यास त्याचे ते वर्ष वाया जाते. दोघांनी परस्परांस कळविले, शिक्षण हमी पत्रक मुलाबरोबर दिले व दुसऱ्याने ते पाहून त्यास वर्गात बसविले, तर ते वर्ष वाचते. गावचा लोकसंख्या-हिशेब ठेवणाऱ्या शिक्षकास कोणते कुटुंब कोणत्या महिन्यात कोठे जाते, हे आगाऊ ठाऊक असते. तेव्हा ही व्यवस्था दिवाळीपूर्वीच करता येते.

गावातच काम मिळाले तर माणसे थांबतात व गेलेली परत येतात, याचेही उदाहरण शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील लहानसे गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथील अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडली होती. १९८९ पासून श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली आणि दर वर्षी पडलेल्या पावसाचा हिशेब मांडून पिके ठरविण्याची प्रथा पाडली. शेतीसाठी विंधनविहिरी घेणे व उसासारखी फार पाणी पिणारी पिके घेणे गावाने स्वतःच वर्ज्य केले. १९९५ च्या पाहणीत तेथील १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. १९९८ च्या पाहणीत ती ५३ उरली. बाहेर गेलेली कुटुंबे परतू लागली. त्या गावाने आपला प्रश्न प्रथम मोजला व मग त्यावर काम केले, ही गोष्ट मुलांस विशेषेकरून सांगावी. आपल्याच जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात, शेतकऱ्यांनी पाणी-वापर संस्था स्थापून धरणाचे पाणी मोजून घेण्याची व वाटून घेण्याची पद्धत रूढ केली. तेही उदाहरण दिंडोरी-निफाडच्या शिक्षकांना जवळचे आहे.

वर्गात घ्यावयाची काळजी

हा पाठ घेताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. कोणत्याही मुलास त्याच्या घरची मिळकत, कर्ज किंवा जमीन वर्गात सर्वांदेखत विचारू नये. गरिबाच्या मुलास उत्तर देताना लाज वाटते, सधनाच्या मुलास फुशारकी वाटते, आणि दोन्हींनी पाठाचा हेतू नासतो. मिळकतीचे उदाहरण नेहमी कल्पित घरांचे घ्यावे. गावची खरी माहिती जमवावयाची तर ती भाव, मजुरी, पिकाखालील क्षेत्र, विहिरींची संख्या, दूध संकलन केंद्रावरील लिटर अशा सार्वजनिक गोष्टींची जमवावी. जन्म-मृत्यूच्या नोंदी शिक्षकाने स्वतः पाहून केवळ संख्या फळ्यावर लिहाव्यात. नावे लिहू नयेत.

वडीलधाऱ्यांकडून माहिती घेताना सनांपेक्षा खुणा उपयोगी पडतात. आजोबांस १९७२ साल आठवणार नाही, परंतु ‘बहात्तरच्या दुष्काळात’ खडी फोडल्याचे व सुकडी खाल्ल्याचे आठवेल. गावात वीज कधी आली, सडक कधी झाली, पाटाला पाणी कधी सुटले, पहिली द्राक्षबाग कोणत्या शिवारात लागली, अशा खुणांची यादी करून त्यांच्यासमोर सन लिहावेत व त्याच पट्टीवर लोकसंख्येचे आकडे मांडावेत. माणसे केव्हा वाढली व केव्हा पांगली, याची कारणे या पट्टीवर मुलांस आपोआप दिसू लागतात.

स्वाध्याय

१. आपल्या गावची १९९१, २००१ व २०११ ची लोकसंख्या मिळवा व प्रत्येक दशकातील वाढ किंवा घट शेकडेवारीत काढा.

२. मागील बारा वर्षांत पहिलीत दाखल झालेल्या मुलामुलींची संख्या जनरल रजिस्टरावरून शिक्षकांच्या मदतीने काढून तिचा स्तंभालेख काढा.

३. त्याच तुकड्यांच्या जन्मवर्षांतील जन्मसंख्या स्तंभालेखाशेजारी मांडा. दोन्ही आकड्यांतील फरक कोणत्या वर्षापासून वाढला ? त्या सुमारास गावात काय घडले ?

४. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस विचारून तिच्या तरुणपणी एका दिवसाच्या मजुरीत किती बाजरी, तांदूळ किंवा नागली येई ते लिहा व आजच्याशी ताडून पाहा.

५. एका पिकाचा दर पाचव्या हिश्श्याने वाढला व खर्च तोच राहिला, तर निव्वळ मिळकत किती पटींनी वाढेल ? लेखातील कांद्याचे उदाहरण घेऊन सोडवा.

समारोप

या पाठास चार तासिका पुरतात. परंतु त्यातून तयार होणारा तक्ता अनेक वर्षे उपयोगी पडतो. तो एका वहीत उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा, दर वर्षी जूनमध्ये त्यात नवी ओळ भरावी आणि बदली झाल्यास येणाऱ्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पटाचा प्रश्न निघाला की ही वही पुढे ठेवता येईल. यंदा पहिलीत किती मुले आली, या प्रश्नाबरोबरच किती यावयास हवी होती, जी आली नाहीत ती आज कोठे आहेत व त्यांच्यासाठी शाळेने काय केले, या तीन प्रश्नांची उत्तरेही तीत लिहिलेली असावीत. शिक्षकबंधुभगिनींनी येत्या दिवाळीपूर्वी आपल्या गावापुरता हा हिशेब अवश्य मांडावा.